सड्यावर क्वाड्रॅट टाकण्याआधी: जैवविविधतेच्या एमएस्सी प्रकल्पातील पायऱ्या आणि त्यांचा क्रम

जैवविविधता, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीत सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या कातळपठारांवर) प्रकल्प घेणारे विद्यार्थी वर्षानुवर्षे त्याच जागी अडकतात. जुलैत विषय ठरतो, ऑगस्टमध्ये परवानगीचा अर्ज जातो, सप्टेंबरात फुले दिसतील तिथे चौकटी (क्वाड्रॅट, म्हणजे ठरावीक मापाची चौकट जमिनीवर ठेवून आतल्या वनस्पती नोंदणे) टाकून होतात. डिसेंबरात गाईड विचारतात, "हे आकडे कशाशी ताडायचे?" तोवर सडा वाळून गेलेला असतो आणि पुढचा पाऊस पदवी हातात पडल्यावर येतो.

मेहनत कमी पडते असे नाही, क्रम चुकतो. सड्यावरच्या बहुतेक वनस्पती चार-पाच महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपतात. त्यामुळे हा प्रकल्प पावसाच्या आधीच जवळजवळ ठरलेला असावा लागतो. पुढच्या पायऱ्या जांभ्याच्या सड्यांवरील वनस्पतींच्या क्वाड्रॅट अभ्यासासाठी आहेत. कास-मसाईसारखी उंचावरची पठारे असोत की रत्नागिरी-देवगडचे आणि गोव्यातले खालचे सडे, पद्धत तीच राहते.

## १. प्रश्न ठरवा (फेब्रुवारी–मार्च, म्हणजे दुसऱ्या सत्रातच)

"अमुक सड्याची वनस्पती विविधता" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यातून यादी तयार होते, पण कशाची कशाशी तुलना करायची ते कळत नाही. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर "हो", "नाही" किंवा "इतके" असे देता येईल. उदाहरणार्थ: पायवाटेपासूनचे अंतर वाढते तसे एकवर्षायू वनस्पतींचे आच्छादन (त्यांनी झाकलेल्या जमिनीची टक्केवारी) वाढते का?

पुढे हेच उदाहरण धरून चालू. सडा धोक्यात येण्याची जी कारणे आहेत, म्हणजे तुडवणे, वाहने, चराई, चिरेखाणी, त्यांतल्या एकाचा तरी थेट माग प्रश्नात असावा. वनखात्याला किंवा ग्रामपंचायतीला असाच निष्कर्ष उपयोगी पडतो.

प्रश्न लिहून झाला की त्याखाली तीन ओळी लिहा: काय मोजणार, कशाच्या तुलनेत मोजणार, आणि आणखी कोणत्या गोष्टीमुळे तोच फरक दिसू शकतो. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. वाट बहुधा उघड्या कातळावरून जाते आणि वाटेपासून दूर खोलगट, मातीच्या जागा असतात. मग दूर आच्छादन जास्त दिसले, ते तुडवणे कमी म्हणून की माती जास्त म्हणून? हा गोंधळ मार्चमध्ये कागदावर सुटतो. नोव्हेंबरात सुटत नाही.

तपासा: अपेक्षेपेक्षा उलटे उत्तर आले तरी प्रबंध उभा राहील का? राहणार नसेल तर प्रश्न पुन्हा घडवा.

## २. जागा आणि परवानगी (मार्च–एप्रिल)

जागा कोणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा. अर्ज कोणाकडे करायचा ते त्यावर ठरते.

- राखीव वन: अर्ज त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे, प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना. कास पठार राखीव वनात येते. तिथे हंगामात पर्यटकाचे तिकीट काढून आत जाणे म्हणजे अभ्यासाची परवानगी नव्हे.
- अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. या अर्जाला सर्वाधिक वेळ लागतो.
- खासगी किंवा गावकीची जमीन: कोकणातले पुष्कळ सडे असेच आहेत. सातबाऱ्यावरून गट क्रमांक काढा, मालकाची लेखी संमती घ्या आणि ग्रामपंचायतीला पत्र द्या. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिलाही कळवा.

अर्जात या गोष्टी हव्यातच: विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र, नकाशा, भेटींचे महिने, सोबत्यांची नावे, आणि नमुने गोळा करणार असाल तर किती व कसे. शेवटचा मुद्दा सर्रास राहून जातो. प्रवेशाच्या परवानगीत नमुने उचलण्याची परवानगी धरलेली नसते.

सावधान: २०२२च्या दुरुस्तीनंतर (ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे) वन्यजीव कायद्यातील अनुसूची सहावरून चार झाल्या. संरक्षित वनस्पती आता तिसऱ्या अनुसूचीत आहेत. जुन्या प्रबंधातून "सहावी अनुसूची" उतरवून घेतलेले अर्ज आणि प्रबंध अजूनही दिसतात.

जागा निवडताना आणखी एक काळजी घ्या. कोकणातला खालचा सडा आणि हजार मीटरांवरचे पठार एकाच तुलनेत घालू नका. पाऊस, धुके, वारा आणि वनस्पतींचे संच सगळेच वेगळे असतात. तुमचा प्रश्न उंचीचा नसेल तर उंची शक्यतो सारखी ठेवा.

## ३. आराखडा: चौकटी कुठे, किती, केवढ्या

बहुतेक प्रबंध इथेच घसरतात, म्हणून या पायरीला भरपूर वेळ द्या.

अ. सडा म्हणजे एकच अधिवास नव्हे. एकाच पठारावर उघडा कातळ, उथळ मातीचे पट्टे, पाण्याची डबकी, ओहळांच्या कडा आणि खोल मातीची गवताळ जागा असते. डबक्यात वायतुरा मिळेल, पाणी झिरपणाऱ्या उथळ मातीत गेंद (एरिओकॉलॉन) आणि कीटकभक्षी सीतेची आसवे (युट्रिक्युलॅरिया), खोल मातीत गवते आणि सोनकी. हे सगळे मिसळून सरासरी काढली तर ती कोणत्याच अधिवासाची नसते. उदाहरणातल्या प्रश्नासाठी एकच अधिवास निवडा, समजा उथळ मातीचे पट्टे, आणि सर्व चौकटी त्यातच टाका.

आ. खरा रेप्लिकेट (तुलनेत स्वतंत्र धरता येणारा नमुना) कोणता? एका सड्यावर टाकलेल्या ३० चौकटी म्हणजे ३० स्वतंत्र नमुने नव्हेत. त्या सड्याची माती, चराई, पाऊस सगळ्यांना समान आहे. एक तुडवलेला सडा आणि एक न तुडवलेला सडा घेऊन प्रत्येकी ३० चौकटी टाकल्या तर तुलनेत प्रत्यक्षात एकास एकच नमुना राहतो. यालाच स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. हातात ३० चौकटींचा वेळ असेल तर एका सड्यावर ३० टाकण्यापेक्षा सहा सड्यांवर प्रत्येकी पाच टाकणे कितीतरी चांगले. प्रवास वाढतो, पण निष्कर्षाला आधार मिळतो.

इ. जागा कशी निवडायची? फुले पाहून नाही. मागे दगड फेकूनही नाही, कारण हात आपोआप सोयीच्या बाजूला वळतो. वाटेवर यादृच्छिक बिंदू निवडा आणि तिथून काटकोनात टेप टाका. ०, ५, १०, २५ आणि ५० मीटरांवर एकेक चौकट ठेवा. बिंदू दुसऱ्या अधिवासात पडला तर काय करायचे तेही आधीच लिहा, उदाहरणार्थ "टेपला समांतर उजवीकडे दोन-दोन मीटर सरकत पहिली योग्य जागा". क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये सड्याभोवती आखलेल्या बहुभुजाच्या आत यादृच्छिक बिंदू काढता येतात. ते घरीच काढून जीपीएसमध्ये भरा.

ई. आकार. पुस्तकी नियम सांगतो, लाकडी खोड नसलेल्या लहान वनस्पतींना १×१ मीटर. सड्यावर तो अडचणीचा ठरतो, कारण गेंद आणि सीतेच्या आसवांची रोपे एका चौरस मीटरमध्ये हजारांवर जाऊ शकतात. दोन मार्ग आहेत. पहिला, मोजणीऐवजी आच्छादनाची टक्केवारी घ्या. दुसरा, मोठ्या चौकटीच्या कोपऱ्यात १०×१० सेंमीची छोटी चौकट ठरवून दाट प्रजाती फक्त तिच्यात मोजा. काहीही निवडा, पण सर्व चौकटींत तेच ठेवा. अर्ध्या चौकटींत रोपे आणि अर्ध्यांत टक्केवारी असा विदा (डेटा) नंतर जुळवता येत नाही.

तपासा: आराखडा फक्त वाचून तुमचा वर्गमित्र तुमच्याशिवाय त्याच जागी चौकट ठेवू शकेल का?

## ४. साहित्य (मे)

चौकटीसाठी २० मिमीचा पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो पुरतात. आतले माप १०० सेंमी भरायला हवे. पाइप बरोबर मीटरभर कापून एल्बो लावले की आतले माप चुकते. जोडून टेपने मोजा आणि मग घासून दुरुस्त करा. दोन कोपरे न चिकटवता ठेवा, म्हणजे करवंदाच्या जाळीभोवती चौकट उघडून बसवता येते. उंच पठारावर वाऱ्याने हलकी चौकट सरकते, म्हणून पाइपात वाळू भरा. आत दर १० सेंमीला दोरी ताणली की शंभर घरे होतात, आणि एक घर म्हणजे बरोबर एक टक्का. आच्छादनाचा अंदाज यामुळे खूप सुधारतो.

बाकीचे: ५० मीटर टेप, होकायंत्र, मातीची खोली मोजायला मिलिमीटरच्या खुणा केलेली लोखंडी सळई, १०x हातभिंग, मोजपट्टी, वर्तमानपत्रे आणि नमुने दाबून वाळवायचा प्रेस, ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटल्या, पुठ्ठ्याच्या दोरी लावलेल्या चिठ्ठ्या. लिहायला एचबी पेन्सिलच घ्या. शाई पहिल्या सरीत पसरते आणि ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही.

नोंदपत्रकावर "एकूण वनस्पती आच्छादन", "उघडा कातळ", "पाणी", "माती" हे रकाने आधीच छापा. मातीच्या खोलीला पाच जागा ठेवा: चार कोपरे आणि मध्य.

## ५. पायलट (पहिल्या चांगल्या पावसानंतर)

एक दिवस फक्त चाचणीसाठी राखून ठेवा. २५×२५ सेंमी, ५०×५० सेंमी, १×१ मी. आणि २×२ मी. अशी एकात एक चौकट वाढवत जा आणि प्रत्येक टप्प्यावर नव्या प्रजाती किती मिळाल्या ते लिहा. वाढ जिथे स्पष्टपणे मंदावते त्याच्या आसपासचा आकार निवडा.

दुसरी चाचणी माणसांची. तुम्ही आणि सोबती एकाच चौकटीचे आच्छादन स्वतंत्रपणे लिहा आणि मगच ताडा. एकाने ३० आणि दुसऱ्याने ५० टक्के लिहिले असेल तर नुसती टक्केवारी सोडून ब्राउन-ब्लांके श्रेणी घ्या: ५ टक्क्यांखाली, ५–२५, २५–५०, ५०–७५, ७५–१००. पाच-सहा चौकटी एकत्र भरल्यावर डोळे जुळतात. ते जुळेपर्यंत खरा विदा घेऊ नका.

घड्याळही लावा. भर पावसात दोघांना दिवसाला सहा-आठ नीट भरलेल्या चौकटी म्हणजे चांगला वेग. कागदावर वीस धरल्या असतील तर आत्ताच कमी करा.

## ६. मुख्य नोंदी: तीन भेटी

एकाच भेटीत सड्याची विविधता हाती येत नाही. किमान तीन भेटी ठरवा: जूनअखेर ते जुलै, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पूर्वार्ध, आणि ऑक्टोबरचा आरंभ. पहिल्या भेटीत दीपकाडीसारख्या कंदवर्गीय वनस्पती सापडतात, मधल्या भेटीत कीटकभक्षी आणि गेंद, शेवटच्या भेटीत गवते. बरीच गवते तुऱ्याशिवाय ओळखता येत नाहीत, म्हणून ऑक्टोबरची भेट टाळणाऱ्यांच्या यादीत "अज्ञात गवत १, २, ३" उरतात.

त्याच चौकटीवर परत यायचे असेल तर फक्त जीपीएसवर विसंबू नका. त्याची चूक साधारण तीन ते पाच मीटर असते आणि तुमची चौकट एक मीटरची. जवळचे दोन ठळक, न हलणारे खडक निवडा, दोघांपासूनचे अंतर टेपने आणि दिशा होकायंत्राने नोंदवा, चौकटीसह फोटो घ्या. कातळावर रंगाच्या खुणा करू नका. पठारावर त्या वर्षानुवर्षे राहतात, आणि कोकणात तर जवळपास कातळशिल्प असू शकते.

प्रत्येक चौकटीवरचा क्रम असा:

1. दूर उभे राहून वरून फोटो. आत पाय घालण्याआधी.
2. चौकट क्रमांक, तारीख, वेळ, जीपीएस वाचन (दशांश अंशांत, डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या नेहमीच्या प्रणालीत).
3. एकूण आच्छादन, कातळ, पाणी, माती.
4. प्रजातीनिहाय नोंद, एका कोपऱ्यापासून ओळीने.
5. मातीची खोली, पाच जागी. सळईने रोपे मोडतात म्हणून हे शेवटी.
6. पत्रक पुन्हा वाचा, रिकामा रकाना राहिला का पाहा, मगच चौकट उचला.

सावधान: चौकटीत एकही वनस्पती नसेल तरी ती नोंदवा. "काही नव्हते म्हणून पुढे सरकलो" असे केले की आच्छादनाची सरासरी फुगते, आणि वाटेच्या कडेचा जो परिणाम शोधायचा होता तोच नेमका पुसला जातो.

सुरक्षितता: जून आणि ऑक्टोबरच्या वळवी ढगांत उघड्या पठारावर विजेचा धोका मोठा असतो. गडगडाट ऐकू आला की काम थांबवून खाली उतरा. कोकणच्या सड्यांवर दगडांखाली फुरसे असते. चौकट दाबायला दगड उचलू नका, हात टेकण्याआधी जागा पाहा आणि सर्पविषावरील प्रतिविष असलेले जवळचे सरकारी रुग्णालय आधीच माहीत करून घ्या. दगड न उलटण्याला आणखी एक कारण आहे: त्याखाली देवगांडूळ, विंचू, गोमा अशांचे घर असते. संवर्धनाचा अभ्यास करताना ते मोडायचे नाही. सोबत्याशिवाय जाऊ नका.

## ७. ओळख: त्याच दिवशी, पुराव्यासह

मोबाइल ॲपने दिलेले नाव म्हणजे सुरुवातीचा इशारा. गेंद आणि सीतेच्या आसवांच्या बाबतीत तर तेही भरवशाचे नसते. गेंदाच्या प्रजाती ठरवायला पक्व मुंडक उघडून सूक्ष्मदर्शकाखाली फुलांचे भाग आणि बी पाहावे लागते. म्हणून पक्व मुंडके अल्कोहोलमध्ये ठेवा. सीतेच्या आसवांची फुले प्रेसमध्ये ओळखू येईनाशी होतात, त्यामुळे समोरून, बाजूने आणि शुंडिकेसह (फुलाचा मागे निघालेला टोकदार भाग) फोटो मोजपट्टी ठेवून तिथेच घ्या.

नाव ठाऊक नसेल तर तात्पुरता संकेत द्या, "गेंद-०१" असा, आणि तोच प्रत्येक चौकटीत वापरा. अंदाजाने शास्त्रीय नाव लिहिले की चूक सर्वत्र पसरते आणि नंतर सुटी करता येत नाही.

नमुना चौकटीच्या बाहेरून घ्या. आसपास त्या प्रजातीची किमान २० झाडे असतील तरच एक. कंदीलपुष्पांचे कंद आणि आमरी उपटू नका. फोटो आणि फार तर एक फूल पुरते. क्रमांकाची चिठ्ठी झाडाला बांधा. वर्तमानपत्रावर लिहिलेला क्रमांक कागद बदलताना हरवतो. पावसाळ्यात पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला, हवा फार दमट असेल तर दोनदा. एक दिवस चुकला की बुरशी धरते. जुन्या पुस्तिकांत मर्क्युरिक क्लोराइडने विषप्रक्रिया सांगितलेली असते. ते तुम्हालाही विषारी आहे. विभागाकडे डीप फ्रीझर असेल तर वाळलेले नमुने प्लास्टिकमध्ये बंद करून त्यात ठेवा.

शंकेचे नमुने घेऊन पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था किंवा मुंबईतील ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) येथे जाता येते. आधी पत्र पाठवून वेळ ठरवा, आणि जाण्यापूर्वी स्वतः ओळखीच्या कीवरून (लक्षणांच्या पायऱ्यांनी नावापर्यंत नेणारी तालिका) शक्य तितके पुढे या. "हे काय आहे?" असे विचारण्यापेक्षा "या दोनपैकी कोणते, मला इथे शंका आहे" असे विचारले तर तज्ज्ञांची मदत खूप पुढे नेते. शेवटी सर्व नावे "प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन"वर एकाच दिवशी तपासा आणि ती तारीख प्रबंधात द्या.

## ८. विदा आणि विश्लेषण

रोज संध्याकाळी पत्रकांचे फोटो काढा आणि आठवड्याच्या आत संगणकात भरा. एक ओळ म्हणजे एका भेटीत, एका चौकटीत, एक प्रजाती. प्रजाती आडव्या रकान्यांत पसरवू नका. एकाच नावाची दोन स्पेलिंगे म्हणजे सॉफ्टवेअरसाठी दोन प्रजाती, त्यामुळे अद्वितीय नावांची यादी काढून एकेक वाचा.

विश्लेषणात वारंवार दिसणाऱ्या चुका:

आयव्हीआयचा (महत्त्व मूल्य निर्देशांकाचा) आग्रह. सापेक्ष घनता, वारंवारिता आणि प्रभाव यांची ३०० पर्यंत जाणारी ही बेरीज वृक्षांसाठी सोयीची, कारण तिथे खोडाचा छेद मोजता येतो. बोटभर गेंदांसाठी आच्छादन आणि वारंवारिता वेगवेगळी दिलेलीच बरी.

शॅनन विविधता निर्देशांकाची अपुरी माहिती. लॉगचा पाया लिहा. नैसर्गिक लॉगने २.३ येणारी किंमत दशमान लॉगने १.० येते, आणि अशा दोन आकड्यांची तुलना केलेले प्रबंध आहेत. त्याहून बरे म्हणजे प्रभावी प्रजातिसंख्या द्या. २.३ म्हणजे सुमारे १० आणि २.१ म्हणजे सुमारे ८ समप्रमाणातील प्रजाती. फरक मग वाचणाऱ्याला कळतो.

असमान प्रयत्न. एकीकडे ४० आणि दुसरीकडे २५ चौकटी असतील तर एकूण प्रजाती थेट ताडू नका. संचय वक्र (चौकटी वाढतात तशा एकूण प्रजाती किती वाढतात त्याचा आलेख) काढा. चौकटींतील हजेरीवरून चाओ-२ (न सापडलेल्या धरून एकूण प्रजातींचा अंदाज) काढता येतो. समजा ३० चौकटींत ४२ प्रजाती मिळाल्या, ९ फक्त एकाच चौकटीत आणि ६ फक्त दोन चौकटींत. मग अंदाज ४२ + (२९/३०) × (९² ÷ १२), म्हणजे सुमारे ४८.५. निदान सहा-सात प्रजाती अजून राहिल्या असाव्यात असा त्याचा अर्थ. "४८ प्रजाती आहेत" असा नव्हे.

सड्याचा परिणाम विसरणे. आर हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर सडा हा रँडम परिणाम धरून (म्हणजे सड्यासड्यांतला फरक वेगळा काढणारे) मिश्र मॉडेल लावा आणि मातीची खोली त्यात घाला. ते जमत नसेल तर प्रत्येक सड्यावर प्रत्येक अंतराची सरासरी काढा आणि त्या सरासऱ्यांवर चाचणी करा. साधी आहे, पण प्रामाणिक आहे.

आययूसीएनच्या लाल यादीची (धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीची) गल्लत. मूल्यांकनच न झालेली प्रजाती आणि माहिती अपुरी म्हणून नोंदलेली प्रजाती या वेगळ्या गोष्टी. "लाल यादीत नाही, म्हणजे धोका नाही" असे लिहू नका. सड्यांवरच्या कित्येक प्रदेशनिष्ठ वनस्पतींचे मूल्यांकन झालेलेच नाही.

## ९. सादर करताना काय झाकायचे, कोणाला काय द्यायचे

कंदीलपुष्पे, आमरी आणि अगदी मोजक्या जागी उगवणाऱ्या प्रजातींचे नेमके अक्षांश-रेखांश प्रबंधाच्या ग्रंथालय प्रतीत छापू नका. दशांश अंशाची दोन स्थळे ठेवली तर जागा सुमारे एक किलोमीटरपर्यंत धूसर होते. फार दुर्मिळ असेल तर एकच स्थळ ठेवा, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. पूर्ण आकडे गाईड आणि परवानगी देणारे कार्यालय यांच्याकडे स्वतंत्र पाकिटात द्या. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ठिकाण "ऑब्स्क्युअर्ड" करा. फोटोच्या फाईलमध्येही जीपीएस दडलेले असते, ते समाजमाध्यमांवर टाकण्याआधी काढा.

वनखात्याला अहवालाची प्रत देणे ही बहुधा परवानगीची अटच असते. ती विभागात पडून राहते आणि पुढच्या तुकडीचा अर्ज त्यामुळे रखडतो, म्हणून पोच घेऊन ठेवा. गावाला मात्र पूर्ण प्रबंध देऊ नका. दोन पानी मराठी सारांश द्या, स्थानिक नावांसह प्रजातींची यादी आणि वाटेपासून किती मीटरपर्यंत परिणाम दिसला तो आकडा. जैवविविधता व्यवस्थापन समितीला लोक जैवविविधता नोंदवहीत तेवढे थेट घालता येते. यादीतली स्थानिक नावे आधी गुराख्यांकडून आणि गावातल्या जाणत्या बायकांकडून तपासून घ्या.